मोवरच्या इंजिनावरचा तेलकट थर: धुण्याआधी तो वाचून घ्या

विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ढकलून चालवायचा पेट्रोलचा लॉनमोवर आहे, तेलाची पातळी बघायची डिपस्टिक असलेला, पाच-सहा हंगाम वापरलाय. इंजिनावर तेल आणि गवताचा भुसा मिळून काळा, जाड थर बसलाय. बोट लावलं तर काही ठिकाणी ताजं तेलही लागतं. अर्धा तास गवत कापलं की जळका वास सुटतो आणि इंजिन धापा टाकायला लागतं. घरात प्रेशर वॉशर आहे, मित्र म्हणतो पेट्रोलने धू. यातलं काय करू, आणि डीग्रीझर, म्हणजे तेलकटपणा काढायचं द्रव, घ्यायचं तर कुठलं?

आधी झटपट उत्तर देतो, म्हणजे कोणी पुढचं न वाचताच पाइप हातात घ्यायला नको. प्रेशर वॉशर नको, आणि पेट्रोल तर अजिबात नको. डीग्रीझर कुठलं हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरचा आहे. लहान इंजिनं दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. धुऊन चकचकीत केलेली आणि महिन्याभरात पुन्हा तशीच माखून आलेली इंजिनं इतकी पाहिलीत, की आता कोणी ‘साफ कसं करू’ म्हटलं की मी उलट विचारतो, ‘घाण नेमकी कुठे आहे?’

कारण तुमच्या प्रश्नात खरे दोन प्रश्न आहेत. पहिला, तेल बाहेर येतंय कुठून? धूळ आणि गवत कोरड्या धातूवर फार टिकत नाही, हवेच्या झोताने उडून जातं. ते चिकटून थर झालाय म्हणजे खाली ओल आहे. दुसरा, इंजिन तापतंय का? याचं उत्तर बाहेरच्या घाणीत बहुधा नसतं. ते वरच्या झाकणाच्या आत असतं, जिथे तुम्ही अजून पाहिलेलं नाही.

मोवरचं इंजिन हवेने थंड होतं. त्याला रेडिएटर नाही, पाणी नाही. वर फ्लायव्हील, म्हणजे एक जड चाक, फिरतं, त्याच्यावर पंख्याची पाती असतात. ती जाळीतून हवा आत ओढतात, आणि पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण ती हवा वळवून सिलिंडरच्या फिन्समधून बाहेर ढकलतं. फिन्स म्हणजे सिलिंडरवर आणि हेडवर (सिलिंडरच्या टोपणावर) ओळीने दिसणाऱ्या त्या पातळ अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. त्यांच्या मधल्या फटींत तेलात भिजलेलं गवत जाऊन बसलं की ते वाळतं, दाबलं जातं आणि नमद्यासारखं घट्ट होतं. मग सिलिंडरला एक गोधडीच पांघरल्यासारखं होतं. इंजिन तापतं, तेल पातळ होतं, पातळ झालेलं तेल सीलमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्यांमधून, आणखी सहज झिरपतं, त्यावर आणखी गवत चिकटतं. तुमचे दोन प्रश्न इथे एकमेकांना खतपाणी घालतात. फार दिवस असं चाललं तर हेडचं गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसवलेला पातळ थर, जळतं, व्हॉल्व्हचे गाइड झिजतात, आणि मग प्रकरण ब्रशच्या हाताबाहेर जातं.

म्हणून माझ्या हिशेबात साफसफाई म्हणजे दोनच गोष्टी: हवेची वाट मोकळी करायची आणि गळती दिसेल इतपत धातू कोरडा करायचा. बाहेरून रंग चमकला काय, न चमकला काय, इंजिनाला फरक पडत नाही.

काही गोष्टी तुमच्या मोवरवर अवलंबून आहेत, त्या इथून मला दिसत नाहीत. इंजिन फोर-स्ट्रोक आहे असं धरून लिहितोय, कारण तुम्ही डिपस्टिकचा उल्लेख केलाय. टू-स्ट्रोक असतं, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, तर सायलेन्सरच्या तोंडाशी थोडा काळा चिकटा येणं त्याच्या स्वभावातच आहे आणि निम्मी चिंता तिथेच मिटली असती. दुसरं, झाकण प्लास्टिकचं आहे की पत्र्याचं, त्यावर काय फवारायचं ते ठरेल. तिसरं, काही मॉडेलांत वरचं झाकण चार बोल्ट काढले की सुटतं, काहींत पेट्रोलची टाकी त्याच बोल्टांवर बसलेली असते आणि दोन्ही एकदम उचलावं लागतं. मॅन्युअल असेल तर हे एक पान पाहून घ्या.

आता थर वाचण्याचं काम. एकही थेंब फवारण्याआधी बॅटरी घेऊन खाली बसा आणि फोनवर चारही बाजूंनी फोटो काढा. धुतल्यावर हा पुरावा कायमचा जातो. तेल वरून खाली येतं आणि पंख्याच्या हवेने मागे ढकललं जातं, त्यामुळे सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. खालचं सगळं तिच्यामुळेही असू शकतं.

प्लगच्या (ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगच्या) बाजूला हेडवर पत्र्याचं छोटं चौकोनी झाकण असतं, ज्याला आपण टॅपेट कव्हर म्हणतो. त्याच्या कडेने तेल ओघळलेलं दिसलं तर तुम्ही नशीबवान आहात. तिथलं गॅस्केट साधं असतं, बऱ्याचदा नुसते बोल्ट सैल झालेले असतात. मात्र सैल दिसले म्हणून जीव लावून आवळू नका. झाकण पातळ पत्र्याचं असतं, कडा वाकते आणि मग नवीन गॅस्केटही गळतं. जुन्या, साइड-व्हॉल्व्हच्या इंजिनात हे झाकण हेडवर नसतं. तिथे व्हॉल्व्हच्या कप्प्याचं झाकण सिलिंडरच्या बाजूला, कार्बोरेटरच्या आड दडलेलं असतं.

वरच्या मोठ्या झाकणाच्या आत, फ्लायव्हीलच्या खाली सगळीकडे सारखा तेलाचा शिडकावा दिसला, तर क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, वरच्या सीलचा संशय घ्यायचा. फिरतं फ्लायव्हील तेल चहूकडे भिरकावतं, म्हणून ते एका ओघळात दिसत नाही. उलट, वर सगळं कोरडं आणि डेकच्या (पात्यावरच्या मोठ्या कवचाच्या) खाली, पात्याच्या वर, मध्यभागातून बाहेर गेलेले तेलाचे फराटे दिसत असतील तर खालचं सील. इंजिनाच्या कमरेला जिथे खालचा तेलाचा टोप बोल्टांनी बसवलेला असतो, त्या सांध्यावर सरळ रेषेत ओल असेल तर तिथलं गॅस्केट किंवा बोल्ट.

एअर फिल्टरची पेटी उघडून बघायला बरेच जण विसरतात. फिल्टर तेलाने निथळत असेल तर तेल ब्रीदरच्या नळीतून आलंय. ब्रीदर म्हणजे क्रँकच्या पोकळीतला दाब बाहेर सोडणारी झडप. तिची बारीक पट्टी बाहेरची हवा आत येऊ देत नाही, म्हणून आत किंचित निर्वात राहतं आणि तेल सीलमधून बाहेर येण्याऐवजी आतच राहतं. ती झडप चिकटली किंवा तिची वाट काजळीने तुंबली की आत दाब साठतो, आणि मग चांगली सीलंही रडायला लागतात. सील बदलूनही गळती थांबली नाही अशी जी इंजिनं माझ्याकडे आली, त्यांत दोषी बहुतेक वेळा हीच छोटी पट्टी निघाली.

पण या सगळ्यांच्या आधी डिपस्टिक. सपाट जमिनीवर, इंजिन बंद करून काही मिनिटं गेल्यावर. ढकलायच्या मोवरमध्ये तेल मावतंच मुळी साधारण अर्धा लिटर, फार तर त्याहून थोडं जास्त. त्यात शंभर मिलिलिटर जास्त ओतलं तर ते प्रमाणात किती मोठं झालं बघा. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा हिशेब इथे चालत नाही, जास्तीचं तेल ब्रीदरवाटे बाहेर पडतंच. डिपस्टिक टेकवून मोजायची की आटे फिरवून घट्ट करून, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. चुकीच्या पद्धतीने मोजून वर्षभर जास्त तेल घालणारे सज्जनही मी पाहिलेत.

आणि तेलाला पेट्रोलचा वास येत असेल, पातळी खुणेच्या वर चढलेली असेल, तर इंजिन चालू करू नका. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नाहीये आणि टाकीतलं पेट्रोल सिलिंडरमधून खाली तेलात उतरतंय. तेव्हा आधी कार्बोरेटर, मग तेल बदलणं, आणि सफाई शेवटी.

एक प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा: मध्यंतरी पातं काढायला किंवा खालचं गवत खरवडायला मोवर आडवा केला होता का, आणि कुठल्या कुशीवर? फिल्टरची बाजू खाली गेली असेल तर तेल ब्रीदरमधून फिल्टरमध्ये आणि तिथून बाहेर येतं, आणि पुढे दोन-तीन वेळा धूर काढत राहतं. तसं असेल तर गळती वगैरे काही नाही, एकदाच सांडलेलं तेल आहे ते. मोवर नेहमी फिल्टर आणि कार्बोरेटर आकाशाकडे ठेवूनच आडवा करायचा.

आता हात घालू या. इंजिन थंड होऊ द्या. प्लगची वायर ओढून काढा आणि प्लगपासून दूर, परत उडून लागणार नाही अशी बांधून ठेवा. पंख्याला हाताने फिरवलं की खाली पातंही फिरतं, आणि पेट्रोल-ठिणगी दोन्ही जागेवर असतील तर इंजिन एक फेरा मारू शकतं. तेवढ्यात बोट जातं. बॅटरीवर सुरू होणारा मोवर असेल तर बॅटरी किंवा किल्लीही काढा. प्लग मात्र जागेवरच असू द्या. ‘सगळं सुटं करून धुऊ’ म्हणून प्लग आधी काढला, तर भोवतीची माती सरळ सिलिंडरमध्ये पडते. डिपस्टिकच्या तोंडाचंही तेच, आधी भोवताल पुसायचा आणि मग उघडायचं. टाकीतलं पेट्रोल शक्य तितकं काढून दूर ठेवा. काम उघड्यावर करा.

पहिला तास कोरड्या कामाचा. लोक इथेच घाई करतात. कोरडा भुसा आणि भिजलेला भुसा यांत फरक असा की कोरडा झटकला की पडतो, भिजला की त्याची लापशी होते आणि ती अशा फटींत जाऊन बसते जिथे ब्रशही पोचत नाही. म्हणून द्रव बाजूला ठेवा. वरची जाळी आणि झाकणाच्या कडा मऊ ब्रशने झाडून घ्या, मग बोल्ट काढून झाकण उचला. बोल्टांची लांबी वेगवेगळी असू शकते. मी पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्या त्या जागी भोक पाडतो आणि बोल्ट तिथेच खोचून ठेवतो. लांब बोल्ट आखूड जागी पिळला तर अॅल्युमिनियमचे आटे जातात, आणि ती दुरुस्ती या सगळ्या सफाईपेक्षा महाग.

झाकण उचलताच जे दिसेल त्याने दचकू नका. उंदराचं घरटंसुद्धा निघतं कधीकधी. फिन्समधला वाळलेला थर लाकडाच्या किंवा बांबूच्या चपट्या काडीने सोडवा. जुना टूथब्रश, नायलॉनचा ब्रश, फार घट्ट असेल तर पितळेच्या तारांचा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. फिन पातळ असते, तुटली तर तेवढी थंडाई कायमची कमी झाली. फ्लायव्हीलवरची पाती तर त्याहून नाजूक असतात. एखादं पातं तुटलं तर चाकाचा तोल जातो आणि इंजिन थरथरतं. हवेचा कॉम्प्रेसर असेल तर दाब कमी ठेवून, डोळ्यांवर चष्मा लावून, हवा जिकडून येते त्याच्या उलट दिशेने मारा. नेहमीच्या दिशेने मारलं तर घाण आणखी आत ठासली जाते.

या भागात तीन गोष्टींना हात लावायचा नाही. एक, फ्लायव्हीलच्या कडेला दोन बोल्टांवर बसलेली इग्निशन कॉइल. तिचं आणि चाकावरच्या चुंबकाचं अंतर साधारण पाव मिलिमीटर असतं. कॉइल वरून पुसा, बोल्ट सैल करू नका. दोन, गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या, बारीक स्प्रिंगा आणि तारा. स्प्रिंग कुठल्या भोकात आहे त्याचा फोटो काढा आणि तिला वाकवू न देता भोवतीच झाडा. स्प्रिंग चुकीच्या भोकात गेली तर इंजिन ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळतं, आणि खाली पातं आहे हे विसरू नका. काही जुन्या मॉडेलांत झाकणाखाली हवेच्या जोरावर हलणारी एक हलकी पट्टी असते. तीही गव्हर्नरचाच भाग आहे, मोडकी झडप समजून काढून टाकू नका. तीन, फ्लायव्हीलचा ब्रेक. त्याच्या पट्ट्यावर तेल किंवा डीग्रीझर गेलं तर दांडा सोडल्यावर पातं वेळेत थांबत नाही.

एवढं झाल्यावर तुमच्या लक्षात येईल की तीन-चतुर्थांश घाण गेलेली आहे. उरला तो काळा चिकटा. आता द्रवाकडे.

माझी पहिली पसंती पाण्यात विरघळणाऱ्या साध्या डीग्रीझरला. डब्यावर ‘अॅल्युमिनियमसाठी सुरक्षित’ असं लिहिलेलं असलं की ब्रँडच्या भानगडीत मी पडत नाही. हे का महत्त्वाचं? इंजिनाचं बहुतेक अंग अॅल्युमिनियमचं आहे आणि अॅल्युमिनियमला तीव्र अल्कली सोसत नाही. कॉस्टिक सोडा त्याला अक्षरशः खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. ओव्हन साफ करायच्या फवाऱ्यांत बऱ्याचदा तोच असतो. धुण्याचा सोडाही धातू काळवंडवतो. तेल झटक्यात निघतं म्हणून लोक हे वापरतात, आणि दुसऱ्या दिवशी फिन्सवर राखाडी-काळे डाग का पडले म्हणून विचारत येतात.

रॉकेल किंवा डिझेल चालतं, विशेषतः जुन्या, लाखेसारख्या झालेल्या थरावर. ब्रशने थोडं थोडं लावायचं, ओतायचं नाही. पण इंजिन पूर्ण थंड हवं. रॉकेलची वाफ साधारण 38 अंश सेल्सियसच्या वर पेट घेऊ शकते, डिझेलची 50च्या पुढे. नुकतंच बंद केलेलं इंजिन याच्या कितीतरी वर असतं. पेट्रोलचं हेच तापमान शून्याखाली 40 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे कुठल्याही हवामानात, कुठल्याही क्षणी ते तयारच असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. मित्राला सांगा, पेट्रोल तेल उत्तम काढतं यात वाद नाही, भुवयाही काढतं.

ब्रेक क्लीनरचा फवारा एखाद्या छोट्या जागेसाठी, गॅस्केटची बैठक पुसायला वगैरे, ठीक आहे. प्लास्टिकचं झाकण, रंग आणि रबरी सील यांवर तो मारू नका. त्यात क्लोरीनयुक्त प्रकार असतो, तो तापलेल्या धातूवर किंवा ज्योतीजवळ गेला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. मला त्याची गरज क्वचितच पडते.

लावायची पद्धत साधी आहे. एअर फिल्टरच्या पेटीवर, कार्बोरेटरवर, टाकीच्या झाकणावर आणि सायलेन्सरच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा. पाण्यातलं डीग्रीझर असेल तर इंजिन किंचित कोमट, हात टेकवून ठेवता येईल इतकं, असणं चांगलं, चिकटा मऊ होतो. फवारा इंजिनावर मारण्यापेक्षा ब्रशवर मारा. खालून वर लावत जा, म्हणजे वरून ओघळलेलं द्रव कोरड्या घाणीवर फराटे पाडत नाही. पाच-दहा मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका, वाळलं की पुन्हा पहिल्यापासून. मग ब्रशने घासा आणि फडक्याने टिपा. जुनाट थर एका फेरीत जात नाही, दोन-तीन फेऱ्या धरा. दुसऱ्या फेरीनंतर उरलेला तपकिरी डाग धातूत मुरलेला असतो, त्याला सोडून द्या. तो उष्णता अडवत नाही.

धुवायचं कसं, तर ओल्या फडक्याने. फार तर हातपंपाच्या बाटलीतून मंद फवारा, तोही फिन्सवरच. लहान इंजिनं बनवणाऱ्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या मॅन्युअलांत तर इंजिन पाण्याने साफ करूच नका, ब्रश किंवा कोरडं फडकं वापरा असं लिहिलेलं असतं, कारण पाणी इंधनात शिरतं. मी थोडं पाणी वापरतो, पण ते कुठे जातंय यावर नजर ठेवून.

प्रेशर वॉशरचा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एक मोवर दहा मिनिटांत लखलखीत करून दिला आणि स्वतःवर खूश झालो. दोन दिवसांनी तो परत आला: सुरू होतो, दोन मिनिटं चालतो, बंद पडतो. कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला पाण्याचे मणी. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, पाणी तिथून गेलं होतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते वाटीच्या तळाशी बसतं, आणि जेट, म्हणजे पेट्रोल ओढणारं बारीक छिद्र, नेमकं तिथूनच ओढतं. वाटी साफ केली, टाकी रिकामी केली, आणि प्रकरण मिटलं असं वाटलं. महिन्याभराने त्याच इंजिनाचं वरचं सील गळायला लागलं. जोरदार झोताने सीलच्या ओठाखाली रेती ढकलली गेली होती, असा माझा अंदाज. दहा मिनिटांची सफाई मला दोन दुरुस्त्यांना पडली, आणि पैसे अर्थातच मागता आले नाहीत.

पुसून झाल्यावर पिशव्या काढा आणि उघडंच ठेवून काही तास, जमलं तर रात्रभर वाळू द्या. वाळवण्यासाठी झाकणाशिवाय इंजिन चालवून बघायचा मोह होतो, तो टाळा. झाकणाशिवाय पंख्याची हवा फिन्सकडे वळतच नाही, आणि उघडं फ्लायव्हील मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत असताना त्याच्याजवळ वाकायचं काही कारण नाही. झाकण बसवताना प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरवा, मग पाना.

मधल्या वेळात एअर फिल्टर बघा. कागदाचा फिल्टर तेलात भिजला असेल तर बदला, तो धुऊन पूर्ववत होत नाही. स्पंजचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात दाबून धुवा, पिळवटू नका, पूर्ण वाळू द्या, आणि मॅन्युअल सांगत असेल तर तेलाचे थोडे थेंब चोळून जास्तीचं दाबून काढा. तेलकट चिंध्या आणि धुतलेलं पाणी गटारात किंवा झाडांच्या मुळाशी नको. चिंध्या पसरून वाळवा, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि काळं पाणी जुन्या ऑइलबरोबर जिथे ते घेतात तिथे द्या.

आता पहिल्यांदा चालू करताना. पाच-दहा मिनिटं पांढरट धूर आणि वास येईल. सायलेन्सरवर राहिलेलं तेल-डीग्रीझर जळतंय ते, हळूहळू कमी व्हायला हवं. ते बाहेरून, सायलेन्सरच्या अंगावरून निघेल. सायलेन्सरच्या तोंडातून निळा धूर पंधरा मिनिटांनंतरही येत राहिला तर तेल आत जळतंय, म्हणजे रिंगा, व्हॉल्व्हचे गाइड, ब्रीदर यांपैकी काहीतरी. त्याला बाहेरून ब्रश मारून उपयोग नाही.

धूर ओसरला की बंद करा, थंड होऊ द्या, आणि ज्या जागांचा संशय होता तिथे टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरवा. टॅपेट कव्हरची कड, कमरेचा सांधा, डिपस्टिकच्या नळीचं बूड. फिल्टरच्या तोंडाजवळ मात्र पावडर नको. पुन्हा पंधरा मिनिटं चालवा. पावडर जिथे पहिल्यांदा काळी पडेल तिथे गळती. तुम्ही आधी काढलेले फोटो आता उपयोगी पडतील. दोन्ही एकच जागा दाखवत असतील तर गॅस्केट मागवा. टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि ब्रीदर घरी जमण्यासारखं आहे. वरच्या सीलसाठी फ्लायव्हील काढावं लागतं, त्याला ओढणारा पुलर लागतो, हातोडीने ठोकून काढू नका. कमरेच्या गॅस्केटसाठी इंजिन डेकवरून उतरवावं लागतं, ते पहिल्याच दुरुस्तीत अंगावर घेऊ नये असं माझं मत.

पावडर जेमतेम ओलसर झाली, थेंब पडत नाही, तर मोवरचं वय आणि दुरुस्तीचा खर्च बघून तसंच चालवायलाही हरकत नाही. अट एकच, दर वेळी सुरू करण्याआधी डिपस्टिक बघायची. माझ्या स्वतःच्या मोवरचं वरचं सील गेले तीन हंगाम असंच झिरपतंय. हंगाम सुरू होताना झाकण काढतो, काडी आणि ब्रश फिरवतो, पुन्हा बसवतो. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि इंजिन अजून तापलेलं नाही.